क्लच घसरतोय, अडकतोय की आवाज करतोय? जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीचा क्लच नीट चालेनासा झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "प्लेट गेली." म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी क्लचची चकती झिजली. मग गिअरबॉक्स खाली येतो, नवीन सेट बसतो आणि कधी कधी महिन्याभरात तोच त्रास पुन्हा सुरू होतो. माझ्या पहिल्या गाडीच्या बाबतीत अगदी हेच झालं. नवीन प्लेट टाकली, थोड्याच दिवसांत तीही जळाली आणि दुसऱ्यांदा सगळं उघडल्यावर कळलं की दोष प्लेटचा नव्हताच. केबल इतकी ताणून बसवली होती की पेडलवर पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहत होता. नवीन प्लेट पहिल्या दिवसापासून घासत होती.

तेव्हापासून माझ्या आणि ओळखीच्यांच्या बऱ्याच गाड्यांचे क्लच मी तपासले आणि दुरुस्त केले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. गिअरबॉक्सच्या आत हात घालण्याआधी पेडलपासून बेल हाउसिंगपर्यंतची (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं आवरण) सगळी वाट बाहेरून तपासायची. ही वाट तपासायला फारसा वेळ लागत नाही, अवजारंही मोजकीच लागतात, आणि दोष बरेचदा तिथेच सापडतो.

आधी लक्षण नेमकं ओळखा

"क्लच खराब आहे" एवढ्यावर काहीच ठरत नाही. क्लचचे त्रास मुळात दोन उलट दिशांचे असतात: एकतर तो पूर्ण पकडत नाही, नाहीतर पूर्ण सोडत नाही. दोन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर त्रास वाढतो.

क्लच घसरतो, म्हणजे पूर्ण पकडत नाही, तेव्हा रेस दिली की इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. चढावर, माणसं भरलेली असताना आणि वरच्या गिअरमध्ये हे सगळ्यात आधी जाणवतं. जळकट, तीव्र वास येतो. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी उचलते.

क्लच सुटत नाही तेव्हा इंजिन चालू असताना पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना खरखर होते, गिअर जोर लावून टाकावा लागतो, किंवा पेडल पूर्ण दाबूनही सिग्नलला गाडी पुढे ओढते. इंजिन बंद केलं की मात्र तेच गिअर लोण्यासारखे पडतात.

तिसरा प्रकार थरथरण्याचा. उभ्या गाडीतून निघताना, क्लच पकडायच्या क्षणी, सगळी गाडी हादरते.

चौथा आवाजाचा: पेडल दाबल्यावर येणारा, किंवा दाबल्यावर थांबणारा. या दोन आवाजांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आणि पाचवा पेडलचाच. ते जड होतं, पोकळ लागतं, खाली जाऊन तिथेच राहतं किंवा अडखळत वर येतं.

एक घोटाळा इथेच टाळा. गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, याचा अर्थ क्लचच असं नाही. एखाद्या चाकाचा ब्रेक अडकला तरी अगदी असंच वाटतं. थोडं अंतर गाडी चालवून, शक्यतो ब्रेक न लावता थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर क्लचचा नाद सोडा आणि त्या ब्रेकचं काम करा. रेस दिल्यावर इंजिनचा आवाजच चढत नसेल, नुसतं मरगळल्यासारखं होत असेल, तर दोष इंधनाचा किंवा इंजिनचा. क्लच घसरताना इंजिन मोकळं सुटल्यासारखं वर पळतं.

सीटवर बसूनच करायच्या तपासण्या

पहिली तपासणी पायाखालचं मॅटिंग. हे वाचून कुणी पुढे जाऊ नये. जाड मॅट किंवा एकावर एक टाकलेली दोन मॅट पेडलखाली गोळा होतात, पेडल शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर खाली जातच नाही आणि क्लच अर्धवट सुटतो. रिव्हर्सला खरखर होणारी गाडी नुसतं मॅट काढून नीट झालेली मी पाहिली आहे. मॅट बाहेर काढा आणि मगच पुढचं तपासा, नाहीतर बाकीच्या सगळ्या निष्कर्षांत ही चूक मिसळते.

आता इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबा, पायाने नाही. पायाला जे कळत नाही ते हाताला कळतं. सुरुवातीला पेडल अगदी हलकं, रिकामं खाली जातं आणि मग वजन लागतं. या रिकाम्या भागाला फ्री प्ले म्हणतात. बऱ्याच केबलच्या गाड्यांत तो साधारण 10 ते 20 मिलिमीटर असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. पेडलशेजारी पट्टी धरून मोजा, अंदाज नको.

हा फ्री प्ले इतका महत्त्वाचा का? प्लेट इंजिनच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, प्रेशर प्लेटने स्प्रिंगच्या जोरावर दाबलेली असते; पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगची टोकं दाबून तिला मोकळं करतं. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या स्प्रिंगची टोकं उलट बाजूला, रिलीज बेअरिंगकडे, बाहेर येतात. म्हणजे झीज होईल तसा फ्री प्ले आपोआप कमी होत जातो. तो शून्य झाला की बेअरिंग स्प्रिंगच्या टोकांवर कायम टेकून राहतं, तुमचा पाय पेडलवर नसला तरी. प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि क्लच घसरायला लागतो. माझ्या पहिल्या गाडीत हेच झालं होतं. उलट फ्री प्ले खूप जास्त असेल तर पेडलचा बराचसा प्रवास वाया जातो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. घसरणं आणि अडकणं, दोन्ही केबलच्या एकाच नटावर अवलंबून असू शकतं. काही गाड्यांत केबल स्वतःहून ताण जुळवून घेणारी असते आणि बऱ्याच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने क्लच चालणाऱ्या) गाड्यांतही असा मोकळा प्रवास जवळजवळ नसतो. तिथे फ्री प्ले दिसला नाही म्हणून घाबरू नका.

मग घसरण्याची चाचणी. रस्ता कोरडा, सरळ आणि रिकामा हवा. वरच्या गिअरमध्ये ताशी 40–50 किलोमीटर वेगाने जाताना रेस पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज आणि वेग एकमेकांना बांधल्यासारखे, हळूहळू चढायला हवेत. आवाज एकदम वर उडाला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. बऱ्याच जुन्या गाड्यांत आरपीएमचा काटा नसतो, पण कान पुरतो. वरचाच गिअर का? कारण त्या गिअरमध्ये गाडी इंजिनला सगळ्यात जास्त अडवते, त्यामुळे क्लचमधली थोडीशी कमजोरीही तिथे उघडी पडते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तोच क्लच ठणठणीत वाटतो.

उभ्या गाडीतली चाचणी बऱ्याच जणांना माहीत आहे: हँडब्रेक ओढायचा, पायाचा ब्रेक दाबायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन झटक्यात बंद पडायला हवं. क्लच पूर्ण सोडूनही ते चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं नको. आणि ही चाचणी एकदाच करा. दर वेळी प्लेटवर मोठी उष्णता निर्माण होते. "पुन्हा एकदा बघू" म्हणत चार वेळा करणारे आजारी प्लेट स्वतःच्या हाताने संपवतात.

सुटत नसल्याचा संशय असेल तर वेगळी चाचणी. इंजिन मंद चालू, गिअर न्यूट्रल. पेडल पूर्ण दाबा, मनात दहा आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटला असेल तर एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरायचा थांबतो आणि गिअर शांतपणे पडतो. रिव्हर्सला बऱ्याच जुन्या गाड्यांत सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारा भाग) नसतो, म्हणून शाफ्ट थोडाही फिरत असला तरी रिव्हर्स लगेच सांगतो. खरखर झाली तर इंजिन बंद करून तोच गिअर टाकून पाहा. बंद इंजिनवरही तो अडत असेल तर दोष गिअर लिंकेजचा (गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचा) किंवा गिअरबॉक्सचा. क्लचवर वेळ घालवू नका.

हायड्रॉलिक गाडीत इथेच आणखी एक गोष्ट करून पाहा. पेडल भराभर चार-पाच वेळा पंप करा आणि लगेच गिअर टाका. पंप केल्यावर गिअर नीट पडला तर लाईनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचे रबर गेले आहेत. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या बाहेर असण्याची शक्यता मोठी.

आवाज ऐकताना

इंजिन चालू, न्यूट्रल, पाय पेडलपासून दूर. आता घरघर ऐकू येते आणि पेडल दाबलं की थांबते? मग क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग पाहावं लागेल, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो आणि आवाजही थांबतो. उलट, पेडल दाबल्यावरच किरकिर किंवा घरघर सुरू होते? ते रिलीज बेअरिंग. पेडलला नुसता पाय टेकवला की चिवचिव बंद होते, तेव्हा बहुतेक बेअरिंग किंवा त्याला ढकलणारा फोर्क आपल्या जागी सैल आहे आणि पायाच्या हलक्या दाबाने स्थिर होतो.

हे तीनही भाग गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाती लागत नाहीत. पण आवाजाची घाई नसते. नुकती सुरू झालेली हलकी किरकिर घेऊन गाडी काही काळ चालू शकते. आवाज रोज वाढत असेल, किंवा पेडलवर पायाला खरखर जाणवत असेल, तर थांबू नका. बेअरिंग मोडलं तर प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची टोकं खाऊन टाकतं.

बोनेट उघडून: तेल आणि केबल

तुमच्या गाडीचा क्लच केबलचा की हायड्रॉलिक, हे माहीत नसेल तर पेडलच्या वरच्या टोकापासून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या) पलीकडे काय जातं ते टॉर्चने पाहा. काळ्या आवरणातली केबल दिसेल, नाहीतर छोटा सिलिंडर आणि त्यातून निघणारा पाइप.

हायड्रॉलिक असेल तर तेलाची पातळी पाहा. काही गाड्यांत क्लचला वेगळी डबी असते, काहींत ब्रेकच्याच डबीतून नळी निघते. इथे एक बारकावा आहे. ब्रेक पॅड झिजले की डबीतली पातळी खाली जाते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. क्लचचं उलट आहे. प्लेट झिजते तसा गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि तेल डबीत परत येतं. म्हणून क्लचची वेगळी डबी असेल आणि तिच्यातलं तेल कमी झालं असेल, तर ते कुठेतरी बाहेर पडतंय. नुसतं भरून बोनेट लावू नका. गळती शोधा.

तेल झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच घाला, बहुतेक ठिकाणी डॉट 3 किंवा डॉट 4 असतं. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल तर चुकूनही नाही. खनिज तेलाने सगळे रबर फुगतात, आणि डबी ब्रेकशी सामायिक असेल तर ब्रेकही जातात. तेल काळपट, गढूळ दिसत असेल तर रबर झिजून त्यात उतरलं आहे असं समजा. हे तेल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, तेव्हा लगेच पाण्याने धुवा.

केबल असेल तर दोन्ही टोकं नीट पाहा. केबल बहुधा टोकाशीच तुटते, जिथे ती फोर्कला किंवा पेडलला अडकते. बोटाने नाही, कापडाने पुसून पाहा. तुटलेली एकेक तार सुईसारखी बाहेर आलेली असते आणि बोटात सरळ घुसते. दोन-तीन तारा जरी तुटल्या असतील तरी केबल बदला. ती रस्त्यात तुटायची वेळ सांगून येत नाही. पेडल जड झालं असेल तर केबल फोर्कपासून सोडवा आणि आतली तार आवरणात हाताने पुढे-मागे करा. ती घासत, अडखळत सरकत असेल तर जडपणाचं कारण सापडलं. आतमध्ये प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल-ग्रीस घालून फायदा होत नाही, धूळ चिकटून ती आणखी जड होते. तार मोकळी सरकत असूनही पेडल जड असेल तर बहुधा प्रेशर प्लेट किंवा फोर्कचा पिव्हट दोषी आहे.

वारंवार केबल जाणाऱ्या गाडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा दोष पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. एका गाडीची क्लच केबल वर्षात तीनदा बदलून झाली होती. तिसरी केबल मी उभी चिरून पाहिली. आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलं होतं. इंजिनच्या उष्णतेने असं होण्याइतकी ती सायलेन्सरच्या जवळ नव्हती. मग इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहिली. ती हिरवट पडून एका बाजूने जवळजवळ सुटली होती. स्टार्टर शंभर अँपियरहून जास्त करंट ओढतो. त्याला परतीचा जाड रस्ता मिळेना, म्हणून तो क्लच केबलच्या तारेतून वाट काढत होता. प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना केबल आतून भाजत होती. पट्टी बदलली, दोन्ही टोकं घासून स्वच्छ केली आणि चौथी केबल टिकली. तुमच्याकडे केबल पुन्हा पुन्हा जड होत असेल तर सलग दोन-तीनदा सेल्फ मारून लगेच केबलला हात लावून पाहा. ती कोमट लागली तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.

पाने हातात घेऊन: ॲडजस्टमेंट, पेडल, माउंटिंग

फ्री प्ले चुकीचा असेल तर केबलच्या टोकाचा लॉकनट सैल करून ॲडजस्टर फिरवा. एका वेळी दोन आटे, मग पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून पुन्हा मोजा. पेडल न दाबता मोजलेला आकडा खोटा येतो, कारण केबल अजून जागेवर बसलेली नसते. ॲडजस्टर शेवटपर्यंत फिरवूनही फ्री प्ले जास्तच राहत असेल तर केबल ताणली आहे, आणि मिळतच नसेल तर प्लेट संपत आली आहे.

मग कुणालातरी पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही बोनेटमधून फायरवॉलकडे पाहा. हे एकट्याने करता येत नाही आणि म्हणून राहून जातं. पेडल दाबताना केबलचं किंवा पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचं बूड फायरवॉलसकट पुढे येताना दिसलं, तर पत्रा चिरला आहे किंवा गंजला आहे. पेडलचा जोर पत्रा वाकवण्यात जातो आणि क्लच अर्धाच सुटतो. आत पेडलच्या पिनचं बुश झिजलं असेल तरी असाच प्रवास वाया जातो. पेडल डावी-उजवीकडे खूप हलत असेल तर तिथे पाहा.

गाडी निघताना थरथरत असेल तर प्लेटच्या आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, तपासा. इंजिन बंद ठेवून प्रत्येक माउंटिंगजवळ लाकडी दांडक्याने इंजिन हलकं उचलून पाहा. रबर धातूपासून सुटलं असेल तर फट उघडते. फाटलेल्या माउंटिंगवर क्लच पकडताना सगळं इंजिन डोलतं. केबलच्या गाडीत तर इंजिन सरकलं की केबल आपोआप ओढली-सोडली जाते, म्हणजे पाय स्थिर असूनही क्लच स्वतःहून दाबला-सुटला जातो. ती थरथर अगदी खराब प्लेटसारखी वाटते. माउंटिंग नीट असतील तर मात्र प्लेटवर तेल, फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग किंवा वाकलेली प्रेशर प्लेट, ही आतली कारणं उरतात.

हायड्रॉलिक गाडीतली गळती आणि हवा

पेडलच्या वर, जिथे मास्टर सिलिंडरची दांडी आत शिरते, तिथे बोट फिरवा. ओलं आणि बुळबुळीत लागलं तर मास्टरचा रबर गेला. बऱ्याच गाड्यांत हे तेल पेडलवरून ओघळून कार्पेटखाली मुरतं, त्यामुळे जमिनीवर थेंब दिसत नाही आणि मालक म्हणतो, गळती कुठेच नाही. कार्पेटचा कोपरा उचलून पाहा.

मग स्लेव्ह सिलिंडर. तो गिअरबॉक्सवर बाहेर बोल्ट केलेला असेल तर त्याच्या टोकाचं रबरी बूट हलक्या हाताने मागे सारा. आत कोरडी धूळ असायला हवी. बूट सरकवताच काळसर पाणचट तेल बोटांवर आलं, तर रबर कप गळतोय. बुटात साठलेलं हे तेल बाहेर दिसायला महिने लागतात, पण पेडल तोवर पोकळ झालेलं असतं.

बाहेर काहीच ओलं नाही, तरी क्लच सुटत नाही? मोकळ्या, सपाट जागेत इंजिन चालू करा, पायाचा ब्रेक दाबून धरा, पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि पेडल तसंच मिनिटभर धरा. गाडी हळूहळू ओढायला लागली तर मास्टरच्या आतला रबर दाब धरत नाही. तेल बाहेर न पडता आतल्या आत मागे निघून जातंय.

ब्लीडिंग, म्हणजे लाईनमधली हवा काढणं, दोन माणसांचं काम. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ताज्या तेलात बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद झाल्यावरच पेडल वर सोडायचं. हा क्रम चुकला की हवा उलट आत जाते. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबले, पेडल घट्ट झालं आणि चार दिवसांत पुन्हा पोकळ झालं, तर पुन्हा ब्लीडिंग करू नका. हवा कुठून तरी आत येतेय, रबर बदलायला हवेत. जुना रबरी पाइपही पाहा: कुणी पेडल दाबताना त्यावर बोटं ठेवा, तो फुगताना जाणवला तर बदला.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगसकट बेल हाउसिंगच्या आत असतो. तो गळत असेल तर बाहेरून काही करता येत नाही.

खाली वाकून पाहायचं ते

बऱ्याच बेल हाउसिंगला खालच्या बाजूला छोटं छिद्र किंवा पत्र्याचं झाकण असतं. तिथे काय ठिबकतंय ते वास आणि रंगावरून ओळखा. काळं, इंजिन ऑइलचं असेल तर बहुधा क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट सील. पातळ, बुळबुळीत आणि जवळजवळ वास नसलेलं असेल तर आतल्या स्लेव्ह सिलिंडरचं ब्रेक ऑइल. पहिल्या दोन प्रकारांत प्लेटवर तेल उडतं आणि ती घसरते किंवा थरथरते. सील न बदलता नुसती प्लेट बदलली तर नवीन प्लेटही तेल पिते. प्लेट स्वच्छ धुऊन परत बसवायचा प्रयत्नही करू नका, अस्तरात मुरलेलं तेल तापलं की पुन्हा वर येतं.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. सपाट, कडक जमीन, चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून अडसर) आणि दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड. तेवढी सोय नसेल तर ही तपासणी सोडून द्या.

बरेच महिने उभी राहिलेली गाडी

दमट हवेत उभ्या गाडीची प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. पेडल नेहमीसारखं दाबलं जातं पण कुठलाच गिअर पडत नाही. उभ्या राहण्याआधी क्लच चांगला असेल तर मी एवढंच करतो: इंजिन न्यूट्रलमध्ये नीट तापवतो, बंद करतो, मोठ्या रिकाम्या मैदानात दुसरा गिअर टाकून, पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारतो. गाडी लगेच चालायला लागते. मग पेडल दाबलेलंच ठेवून रेस दे-सोड, दे-सोड करतो. धक्क्यांनी प्लेट सुटते, ते स्पष्ट जाणवतं. ब्रेक उत्तम असल्याची खात्री आधी करा, कारण गाडी थांबवायची म्हणजे ब्रेकने इंजिनसकट थांबवायची. तीन-चार प्रयत्नांत सुटली नाही तर पुढे रेटू नका, प्लेटचं अस्तर उखडतं.

इथे थांबा

बाहेरचं सगळं ठीक आहे आणि क्लच तरीही घसरतो. बेल हाउसिंगमधून तेल येतं. आवाज आतल्या बेअरिंगचा आहे. किंवा पेडल दाबताना आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. यापुढचं काम गिअरबॉक्स उतरवण्याचं आहे आणि ते मेकॅनिककडे द्या. गिअरबॉक्स जड असतो, एका बाजूला झुकतो, आणि तो अर्धवट लोंबकळत राहिला तर प्लेटचा मधला भाग (हब) वाकतो. शिवाय खूप जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. बेल हाउसिंग हवेने फुंकून साफ करणाऱ्याला थांबवा. ती धूळ ओल्या फडक्यानेच पुसायची.

घसरणारा क्लच घेऊन "आठवडाभर काढू" असंही करू नका. प्लेटचं अस्तर संपून रिव्हेट उघडे पडले की ते फ्लायव्हीलला चर पाडतात आणि दुरुस्ती वाढत जाते. बऱ्याच मॅन्युअलमध्ये रिव्हेटच्या डोक्यावर 0.3 मिलिमीटर अस्तर उरलं की प्लेट बाद धरतात. तो फरक फार थोडक्या किलोमीटरमध्ये संपतो.

मेकॅनिकला गाडी देताना तुमच्या तपासण्यांचे निष्कर्ष लिहून द्या: फ्री प्ले किती, तेल कुठलं आणि किती, आवाज कधी येतो, माउंटिंग कसे आहेत. आणि एकदा गिअरबॉक्स खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलायला सांगा. क्रँकशाफ्टचं मागचं सील आणि शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग त्याच वेळी पाहून घ्या, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग उजेडात तिरपा धरून तडे शोधा. जुने भाग परत मागा आणि स्वतः बघा. प्लेट एकाच बाजूने झिजली असेल, अस्तर चकाकत असेल किंवा तेलकट असेल, तर मूळ कारण अजून बाकी आहे. तसंच गाडी ताब्यात घेऊ नका.

नवीन सेट बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर चढावर क्लचवर गाडी तोलून धरू नका, पेडलवर पाय ठेवून चालवू नका आणि जड ओझं ओढू नका. अस्तर पूर्ण पृष्ठभागावर बसायला तेवढा वेळ लागतो. केबलची गाडी असेल तर त्यानंतर पट्टी घेऊन फ्री प्ले पुन्हा मोजा. नवीन प्लेट सुरुवातीला थोडी बसते, तेव्हा तो पुन्हा जुळवावा लागतो.